बॅरिस्टरीची बहात्तर जेवणे

विलायतेत जाऊन बॅरिस्टर होण्यासाठी काय काय करावे लागते, याविषयी आपल्याकडे एके काळी मोठ्या अद्भुत कल्पना होत्या. जाडजूड ग्रंथ, रोमन कायदा, कडक परीक्षा! हे सारे होतेच. पण त्याहून जुनी अट होती ती जेवणाची. लंडनमध्ये वकिलांच्या चार पुरातन संस्था आहेत: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. बॅरिस्टरी मिळते ती यांच्याच हातून. त्यांपैकी एकीत नाव घालायचे आणि बारा टर्म्स भरायच्या, असा नियम होता. टर्म भरणे म्हणजे वर्गात बसणे नव्हे. संस्थेच्या भोजनगृहात, अंगावर झगा चढवून, ठरलेल्या संख्येच्या जेवणांना हजर राहणे म्हणजे टर्म भरणे. लेखी परीक्षा सक्तीची झाली ती 1872 साली. तोपर्यंत फी भरली आणि जेवणे पुरी केली की काम भागत असे.

आज याचे हसू येते, पण मुळात त्यात एक व्यवहार होता. शिकाऊ पोरे जुन्या वकिलांच्या संगतीत राहत, जेवत आणि तेथेच धंदा उचलत. साच्यावर नवा पोरगा जुन्या कामगाराशेजारी उभा राहून हात बसवतो, तसेच हे. पुढे संगत गेली आणि जेवण तेवढे उरले. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना यात आणखी एक गोष्ट दिसते. कायद्याचे पुस्तक कोणीही विकत घेऊ शकतो. पण कोणत्या वेळी कोणता कोट घालावा, सुरी कोणत्या हातात धरावी, हे कोणत्याच अभ्यासक्रमात छापलेले नसते. ज्याच्या घरात ते चालत आले, त्याला ते फुकट मिळते. बाकीच्यांना ते पैसे मोजून, आणि पुष्कळदा मान खाली घालून, शिकावे लागते.

गांधीजींचेच पाहा. दिवाणाच्या घरातला हा मुलगा 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून बोटीवर चढला, तेव्हा त्याला एकोणीस वर्षे पुरी व्हायची होती. काटे-सुरी कशी धरतात हे ठाऊक नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर नाही. म्हणून बरोबर नेलेली मिठाई आणि फळे खात ते आपल्या खोलीतच बसून राहिले. विलायतेत उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात. तसे कपडे घातलेले दुसरे कोणीच नव्हते. डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले, तर त्यांच्या उंच टोपीवरून गांधीजींनी कुतूहलाने उलटा हात फिरवला आणि टोपीची लव विस्कटली. डॉक्टरांनी रागाने अडवले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हा तिकडचा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला.

मग त्यांनी सभ्य गृहस्थ होण्याचा चंगच बांधला. 19 शिलिंगांची उंच टोपी, बाँड स्ट्रीटवर शिवलेला 10 पौंडांचा संध्याकाळचा पोशाख, वडील बंधूंकडून मागवलेला घड्याळाचा दुपदरी सोन्याचा छडा. तयार टाय वापरणे कमीपणाचे, म्हणून तो बांधायची कला शिकले. रोज दहा मिनिटे आरशापुढे केसांशी झटापट. नृत्यवर्गाचे 3 पौंड, फिडलचे 3 पौंड, वक्तृत्वाच्या शिक्षकाला एक गिनी वेगळी! पियानोचा ताल काही केल्या कळेना, पावले जुळेनात. तीन-एक महिन्यांत हा नाद सुटला. पोशाखाची टापटीप मात्र कित्येक वर्षे राहिली. फेब्रुवारी 1890 मध्ये पिकॅडिलीत ते सच्चिदानंद सिन्हांना दिसले, तेव्हाही डोक्यावर रेशमी उंच टोपी, कडक कॉलर, हातमोजे आणि हातात चांदीच्या मुठीची काठी होती.

हिशेब मांडण्याची आम्हांला खोडच आहे. पुढे काटकसर सुरू केल्यावर गांधीजींचे खाणे दिवसाला 1 शिलिंग 3 पेन्समध्ये भागू लागले. म्हणजे त्या 10 पौंडांच्या पोशाखात 160 दिवसांचे अन्न झाले असते. बसचे भाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्राचे सुटे पैसे, सगळे ते रोज रात्री वहीत लिहीत आणि शिल्लक जुळवूनच निजत. लाखो रुपयांचे सार्वजनिक निधी कर्जावाचून त्यांनी पुढे सांभाळले, त्याचे मूळ ते स्वतः या वहीतच सांगतात. आमच्या मते विलायतेत कमावलेली मोठी विद्या हीच.

आता ती जेवणे. इनर टेंपलमध्ये टर्मला सुमारे 24 जेवणे होत आणि त्यांपैकी निदान 6 घ्यावी लागत. बारा टर्म्सची बेरीज 72. दर अडीच ते साडेतीन शिलिंग, म्हणजे वर सांगितलेले दोन दिवसांचे पोट. खाल्ले न खाल्ले तरी पैसे भरायचे, वेळेवर यायचे आणि शेवटपर्यंत बसायचे. चौघांच्या एका पंगतीला दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या चौकडीत घ्यायला झुंबड उडे, कारण उरलेल्या तिघांचा वाटा वाढे! सुरुवातीला त्यांना पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी यांवर भागवावे लागे. नंतर एका पारशी विद्यार्थ्यासह त्यांनी अर्ज केला आणि वरिष्ठांच्या टेबलावरची फळे-भाज्या मिळवल्या. (अर्ज दोघांनी मिळून केला, हे आमच्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही.) 10 जून 1891 रोजी ते बॅरिस्टर झाले. पण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. त्या कामी एकही जेवण उपयोगी पडले नाही.

याच वर्षांत इकडे काय चालले होते? गांधीजी निघण्यापूर्वी मुंबईत त्यांच्या जातीची सभा भरली. त्यांना वाळीत टाकले आणि निरोपाला बंदरावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरला. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासकट मंडळींवर ग्रामण्य माजले, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ते घ्यावी लागली. तिकडे पंगतीला बसल्याशिवाय धंद्यात प्रवेश नाही, इकडे पंगतीला बसलात तर जातीबाहेर! परत आल्यावर गांधीजींना बंधूंनी नाशिकला गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला जातीला जेवण घातले. बॅरिस्टर व्हायला जेवणे, आणि पुन्हा मोढ वाणी व्हायलाही जेवणच.

पण ज्याला कोणतेच जेवण घालून आत येता येत नव्हते, त्याचे काय? 1901 साली मसूर स्टेशनावर काही मुले वडिलांची वाट पाहत उभी होती. अंगात नवे विलायती सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, पायांत नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांचीच वाटली. जात विचारली, उत्तर मिळाले, आणि मास्तर पाच पावले मागे सरला. त्या मुलांत भीमराव आंबेडकर होते. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पोशाख इतका चोख होता म्हणूनच ते मागे सरणे मनाला अधिक लागते.

1916 साली ते ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 साली परतावे लागले. अमेरिका-विलायत पाहून आलेल्या या विद्वानाच्या टेबलावर बडोद्याच्या कचेरीतले शिपाई लांबूनच फायली टाकीत. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले. दिवस ग्रंथालयात जाई आणि रात्रीची भूक पापडांवर भागे. पण ग्रेज इनच्या दालनात चौघांच्या पंगतीत त्यांची जागा इतर कोणाही विद्यार्थ्याइतकीच पक्की होती. साताऱ्याच्या शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्याला या जुनाट, खर्चिक नियमाने इतरांशेजारी बसवले. 1922 साली त्यांना बॅरिस्टरी मिळाली. त्याच वर्षी राजद्रोहाच्या शिक्षेमुळे इनर टेंपलने गांधीजींचे नाव पटावरून काढले; ते परत घातले गेले 1988 साली.

गांधीजींनी पुढे एकेक वस्त्र उतरवले आणि बाबासाहेबांनी सूट कायम ठेवला, याची तुलना करून एकाला साधा आणि दुसऱ्याला साहेबी म्हणण्याची रीत आपल्याकडे आहे. ती आम्हांला पटत नाही. ज्याला चांगले वस्त्र घालण्याचीच मनाई होती, त्याने ते घालणे ही वेगळी गोष्ट आहे. 1928 साली इंदूरकडच्या बलाई लोकांवर सवर्णांनी जी बंधने लादली, त्यांत जरीकाठी पागोटे आणि रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, हीही होती.

डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी बोलले. आखूड लुगडे आणि कथलाचे जड दागिने ही जातीची ओळख म्हणून तुमच्यावर लादलेली आहे, ती टाका. लुगडे घोट्यापर्यंत नेसा. फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असे त्यांचे सांगणे होते. टिपणीस-चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्या बायकांना नव्या रीतीने लुगडे नेसायला तेथेच शिकवले. दुसऱ्या दिवशी महाडहून निघताना कित्येकींची लुगडी घोट्यापर्यंत आलेली होती.