पत्र कोणाचे, कोणाला आणि कशासाठी?

बारामतीच्या अभ्यासवर्गात इंदापूरहून येणाऱ्या एका तरुणाने प्रश्न टाकला : "गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे बायबलातही आहे. मग त्यात आणि मनुस्मृतीत फरक काय?" टाळ्या पडल्या. प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर टाळ्यांनी मिळत नाही, वाचूनच मिळते.

ही आज्ञा इफिसकर आणि कलस्सैकर यांना लिहिलेल्या पत्रांत येते. नव्या करारातील 13 पत्रांवर पौलाचे नाव आहे. त्यांपैकी 7 पत्रे निर्विवाद त्याची मानली जातात. या दोन पत्रांविषयी मात्र अभ्यासकांत वाद आहे. पौलाची निर्विवाद पत्रे साधारण इ.स. 50 ते 60 च्या दरम्यानची, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीची. तो कायदा लिहायला बसला नव्हता. रोमन साम्राज्यातल्या लहान लहान मंडळ्यांची भांडणे आणि शंका यांना तो उत्तरे देत होता.

त्या 7 पत्रांतले सर्वांत लहान पत्र फिलेमोनाला आहे, अवघ्या 25 वचनांचे. फिलेमोन हा धनी, अनेसिम त्याचा गुलाम. तो पळून आला असावा, असा पारंपरिक अर्थ. कैदेत असलेला पौल त्याला परत पाठवतो. पण दास म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून स्वीकार, अशी विनंती करतो. त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड, असेही लिहितो. गुलामगिरी बंद करा, असे मात्र तो म्हणत नाही. ही दोन्ही सत्ये एकत्र सांगावी लागतात. संदर्भ म्हणजे सबब नव्हे.

पुढे काय झाले? अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी पळालेल्या गुलामाला परत धाडण्यासाठी याच पत्राचा आधार घेतला. जॉर्जियातले मिशनरी चार्ल्स कॉलकॉक जोन्स यांनी गुलामांपुढे त्यावर प्रवचन दिले, तेव्हा निम्मे श्रोते उठून गेले. असे पत्र बायबलात नाहीच, असे काहींनी सुनावले. ही नोंद खुद्द जोन्स यांचीच आहे. पत्र कोणाच्या हातात आहे, हे त्या निरक्षर ठेवलेल्या माणसांनी बरोबर ओळखले होते. तिथली गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली आणि 1873 साली जोतिरावांनी 'गुलामगिरी' त्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली.

मग मनुस्मृतीशी फरक काय? पत्र एका माणसाला एका प्रसंगी लिहिलेले असते. स्मृती जन्मावरून अधिकार आणि शिक्षा ठरवते. पण पत्रालाही आज्ञा बनवता येते, हे मळेवाल्यांनी दाखवले. म्हणून प्रश्न दोघांनाही तेच विचारायचे : कोणी लिहिले, कोणासाठी, केव्हा, लाभ कोणाचा?

बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' (1946) मध्ये हेच केले. आपल्या धम्मालाही त्यांनी सूट दिली नाही. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरेची कथा त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली.

आता आपल्याकडे पाहू. 1938 च्या जानेवारीत, इंदापूरला लागूनच असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, सोलापूर शहरी बाबासाहेब ख्रिस्ती बांधवांपुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला भारावून टाकले, असे ते म्हणाले. त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधली जातही दाखवली. येवल्याची घोषणा होऊन सव्वादोन वर्षे झाली होती. धर्मांतर कोणत्या धर्मात, हे जाहीर झाले नव्हते. आज एक गट पहिले वाक्य फिरवतो, दुसरा गट दुसरे. दोघेही बाबासाहेबांना अर्धेच वाचतात.

मित्रांनो, मोबाइलवर आलेले बाबासाहेबांचे वाक्य पुढे पाठवण्याआधी तारीख, ठिकाण आणि श्रोते शोधा. मिळाले नाहीत, तर पाठवू नका. आणि नवा करारही वाचा. आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ ग्रीकवरून तो साध्या मराठीत आणला आहे. ज्याला विरोध करायचा ते आधी पूर्ण वाचायचे, ही बाबासाहेबांची शिस्त आहे.

जय भीम!