दंडाच्या पावत्या

माझे आजोबा, आबा, गायरान एकरांत मोजत नसत, जनावरांत मोजत. "तीनशे गुरं पोसायचं आपलं गायरान," असं म्हणत आणि लगेच पुढं जोडत, "पाऊस बरा झाला तर."

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर. काळी जमीन ओढ्याच्या काठानं तेवढी. बाकी सगळी मुरमाड. अशा गावात पिकापेक्षा जनावरांवर भरवसा जास्त. खरीप बुडाला तरी दोन बोकड विकून पुढच्या पेरणीचं बी घेता येतं. आणि या जनावरांचा सगळा भार गायरानावर. मृग लागला की आधी हराळी हिरवी व्हायची, मग मारवेल आणि पवना यायचा, आणि दिवाळीनंतर अख्खं टेकाड कुसळीनं पिवळं पडायचं. शेण ज्याला सापडेल त्याचं. घरातल्या तुराट्या संपल्या की बाया तिथूनच तरवडाचं, बाभळीचं सरपण आणायच्या. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा तळ तिथंच पडायचा. दगावलेली तान्ही लेकरंही तिथंच पुरायचे. हे सांगताना आबांचा आवाज खाली यायचा, कारण त्यांची एक बहीण तिथं होती.

आबा जन्मले निजामाच्या राज्यात. जमिनीचा कायदा हैदराबादचा, 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 च्या सुमाराचा. दप्तर उर्दूत, पटवारी वाचून दाखवील ते खरं. गायरान, परमपोक, खारीज खाता अशा नावांखाली जी जमीन गेली तिचा सारा येत नसे, आणि सारा येत नाही ती जमीन दरबाराच्या लेखी रिकामी. गावाला मात्र ती कधीच रिकामी वाटली नाही. 1948 च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं बाया-लेकरं रात्री घरात झोपत नसत. भाकरी बांधून गायरानातल्या ओघळीत जाऊन बसत. आबा तेव्हा गुराखी पोर. जनावरांना अंधारात हंबरू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा कुठं माणसं पुन्हा अंगणात झोपायला लागली.

या गोष्टी आबा कितीही वेळा सांगत. गायरानाची दुसरी गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. ती मला वस्तीवरच्या मायकडून कळली.

माय माझ्या नात्यातली नाही. दलित वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, म्हणून आता सारं गाव तिला माय म्हणतं. पूर्वी म्हणत नव्हतं. ती या गावात सून म्हणून आली तेव्हा तिचा सासरा नुकताच जेलातून सुटून आला होता. भूमिहीनांना सरकारी पडीक जमीन कसायला द्या, ही मागणी मराठवाड्यात 1953 पासून उठत होती. 1959 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश-मराठवाड्यात मोठा सत्याग्रह झाला, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, 6 डिसेंबर 1964 ला तो देशभर सुरू झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली. आमच्या पाठ्यपुस्तकात मिठाचा सत्याग्रह होता, हा नव्हता. माझ्याच गावातला माणूस त्यात जेलात गेला होता, हे मला माझं शिक्षण संपल्यावर समजलं.

"जेलातून आला तो सब्बल घेऊनच उभा राह्यला," माय सांगते. गायरानाच्या वरच्या अंगाला, जिथं गवतही नीट येत नव्हतं अशा माळावर, त्या घरानं दोन एकर फोडली. वस्तीतल्या आणखी काही घरांनी बाजूला तेच केलं. "धोंडे येचता येचता माझ्या हाताच्या रेघा गेल्या बघ." त्या धोंड्यांचे बांध अजून जागेवर आहेत. त्यात बाजरी, मटकी, हुलगा, बांधाच्या कडेनं तूर. पाटलाच्या वाड्यावर सालगडी म्हणून उभं राहावं लागणार नाही, इतकं धान्य त्या रानानं दिलं. एवढ्यासाठीच तर माणसं जेलात गेली होती.

1972 च्या दुष्काळात त्याच गायरानात रोजगाराची कामं निघाली. आमच्या घरातल्या आणि वस्तीतल्या बायांनी पहिल्यांदा एका रांगेत बसून खडी फोडली. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्या वेळी घातलेले नालाबांध आजही पावसाचं पाणी अडवतात, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना, त्यात आमचीही आली, होळीपर्यंत जे पाणी टिकतं ते त्यांच्यामुळं. टेकाड सपाट करायचं म्हटलं की खालच्या विहिरींचा विचार करावा लागतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.

आणि मग 1978. जुलैच्या 27 तारखेला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळू लागली. आमच्या गावात घर जळलं नाही. वरच्या रानातली बाजरी मात्र पोटऱ्यात आलेली असताना एका रात्रीत चारली गेली. मी मायला विचारलं, गुरं कुणाची होती? ती म्हणाली, "गावाची." आमच्या गोठ्यात तेव्हा चौदा जनावरं होती. आबांना मी हे विचारलं तेव्हा ते उठून आत गेले, आणि त्यानंतर गायरानाच्या गोष्टीच त्यांनी बंद केल्या. त्यांच्यावर माझा जीव होता. पण ते पीक उभं करायला किती पावसाळे लागले होते, हे गुरं राखणाऱ्या माणसाला ठाऊक असलंच पाहिजे, असं मला वाटतं.

मायच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात दंडाच्या पावत्या आहेत. तलाठी यायचा, गाव नमुना 1-ई मध्ये अतिक्रमण म्हणून नोंद घ्यायचा, दंड वसूल करायचा, पावती द्यायचा. गुन्हा केला म्हणून दिलेला कागद त्या घरानं देवाच्या टाकांसारखा जपला. त्याला कारण आहे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं ठरलं की 14 एप्रिल 1990 पर्यंत शेतीसाठी झालेली पात्र भूमिहीनांची अतिक्रमणं नियमानुकूल करायची. तुम्ही तेव्हा तिथं होता हे दाखवायचं कशावरून? नमुना 1-ई वरून आणि या पावत्यांवरून. मायच्या नवऱ्यानं अर्ज केला. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, फाईल वर गेली. सातबारा काही आला नाही. नवरा वाट बघत वारला.

पुढं वारं उलटं फिरलं. जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात निकाल दिला की गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवा. निकालाचा रोख धनदांडग्यांवर होता, आणि भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांना त्यात अपवादही ठेवला होता. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनंही गायरानं वाचवण्याचा निर्णय काढला. 2022 साली उच्च न्यायालयानं गायरानांवरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसांची भीती पसरली. मायच्या पेटीतल्या कागदाची किंमत त्या वर्षी तिच्या घरालाही कळेनाशी झाली.

अशा वेळी गावात सोलरवाले आले.

इथं एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. दिवसाची लाईट आम्हाला हवी आहे. शेतीपंपाला आठवड्याआड रात्रीची पाळी येते. कडाक्याच्या थंडीत बारा वाजता दारं धरायला जाणं म्हणजे काय, ते ज्याच्या पायात साप आडवा गेलाय त्याला विचारावं. 2020 च्या हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा आमच्याकडं कुणी अंधारात रानात जायला धजत नव्हतं; गव्हाला पाणी हवं होतं तरी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली ती यासाठीच: उपकेंद्राच्या जवळ लहान सौर प्रकल्प उभे करायचे आणि त्यांची वीज दिवसा शेतीपंपांना द्यायची. माझा काका या योजनेच्या बाजूचाच होता. अजूनही आहे.

प्रश्न जमिनीचा. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. 2023 साली योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं ठरलं, दरसाल 3 टक्के वाढीसह. एकराला पन्नास हजार. आमच्या मुरमाड रानात बाजरी किंवा तूर इतके पैसे कुठल्याच वर्षी देत नाही. पण सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं मिळते, म्हणून नकाशात आधी बोट पडतं ते गायरानावर. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं मिळणार. आणि ज्या घरानं ते रान फोडलं, कसलं, ज्याच्याकडून सरकारनंच दंड घेतला, त्याला काय? काही नाही. त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. तेच रान त्याच्या नावावर झालं असतं तर त्याला आज घरबसल्या भाडं मिळालं असतं. हा अन्याय सोलरच्या प्लेटांनी केलेला नाही. तो तीस वर्षं फाईलमध्ये पडून होता. प्लेटा आता त्याच्यावर कायमचं तारेचं कंपाउंड घालू पाहतात.

विजेसाठी जमीन जाणं महाराष्ट्राला नवं नाही. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला आणि पांडुरंग महादेव बापट तिथं सेनापती झाले. भातखाचरं बुडाली ती मुंबईच्या विजेसाठी. धुळे जिल्ह्यात विखरणच्या धर्मा पाटलांची जमीन आधी औष्णिक प्रकल्पासाठी घेतली गेली, मग तिथं सौर प्रकल्प करायचं ठरलं. पाच एकराला चार लाखांच्या आसपास मोबदला, आणि शेजारच्यांना त्याच्या कितीतरी पट. ऐंशी ओलांडलेला हा शेतकरी हेलपाटे घालून थकला आणि 22 जानेवारी 2018 ला त्यानं मंत्रालयात विष घेतलं. 28 तारखेला तो गेला. सौर विजेला धूर नाही, राख नाही, हे खरं आहे. पण धर्मा पाटलांना कोळसा आणि ऊन यांत कोणता फरक दिसला असेल?

आमच्याकडं मोजणीवाले आले तेव्हा कुणालाच आधी सांगितलं नव्हतं. यंत्राची तिपाई नेमकी मायच्या तुरीत उभी राहिली. माय पेटी घेऊन तिथं गेली. तिच्या मागोमाग गुरंवाले गेले, कारण मोजणीच्या खुणा ओढ्याकडं उतरत चराईचं रानही गिळत होत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा गावाचे हे दोन भाग एका बाजूला उभे होते. मोजणी त्या दिवशी झाली नाही.

ग्रामसभेत मात्र ही एकी लगेच ताणली. गुरंवाल्यांतला एक जण म्हणाला, गायरान गुरांचं आहे, तेव्हा सोलरही नको आणि वहितीही नको. सभा गप्प झाली. माय बसल्या जागेवरून म्हणाली, "चारा की. बांधाच्या खाली सगळं तुमचंच हाय. वर माझी बाजरी हाय, ती तुमी एकदा चारलीय." माझा काका आबांचाच मुलगा. तो उभा राहिला आणि म्हणाला, गुरं आमचीही होती. एवढंच बोलून तो गावाच्या वतीनं ठरावाचा मजकूर सांगू लागला. मला त्याच्याबद्दल इतका आदर त्याआधी वाटला नव्हता.

ठरावात चार गोष्टी आल्या. 1991 च्या निर्णयाखालचे प्रलंबित दावे आधी निकाली काढा. नालाबांधांना आणि चराईच्या रानाला हात लावू नका. प्रकल्प गावाला हवा आहे; ज्यांना आपली खासगी जमीन भाड्यानं द्यायची आहे अशा शेतकऱ्यांची नावं सोबत जोडली आहेत. आणि यापुढं मोजणीला येण्याआधी गावात दवंडी द्या. पहिलं कलम मायनं ग्रामसेवकाला दोनदा वाचायला लावलं.

ठराव तहसीलला दिला आणि सोबत पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. मूळ पावत्या मागितल्या होत्या, पण मायनं त्या दिल्या नाहीत. अर्जाची पोच घेतली आहे. मोजणीची नवी तारीख अजून आलेली नाही. ती आली की वरच्या अंगाला वस्तीची माणसं आणि खालच्या अंगाला गावची गुरं, दोन्ही त्या दिवशी हजर ठेवायची, असं ठरलंय. राखायला काका जाणार आहे.