हसऱ्या अक्षरांचे वळण

अक्षरालाही स्वभाव असतो. टपोरे, ठसठशीत वळण पाहिले की लिहिणाऱ्याविषयी विश्वास वाटतो. फराटे पाहिले की शंका येते. हस्ताक्षराविषयीची ही आपली जुनी समजूत छापील अक्षरांनाही कशी लागू पडते, हे ‘कॉमिक सॅन्स’ या रोमन टाइपाच्या इतिहासावरून दिसून येते.

१९९४ साली मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीत व्हिन्सेंट कॉनेर नावाचे अक्षररेखक काम करीत होते. संगणकाला बुजणाऱ्या नवशिक्यांसाठी तेथे ‘बॉब’ नावाची आज्ञावली तयार होत होती. तीत चित्रातला एक कुत्रा वापरणाऱ्याला वाट दाखवी. पण त्याच्या तोंडचे शब्द उमटत ते ‘टाइम्स न्यू रोमन’ या वृत्तपत्री, धीरगंभीर टाइपात. ही विसंगती कॉनेर यांना खटकली. चित्रकथांची पुस्तके समोर ठेवून, त्यांतील फुग्यांमधल्या हस्तलिखित अक्षरांच्या धर्तीवर त्यांनी माउसच्या साह्याने पडद्यावरच नवी अक्षरे रेखाटली : गोलसर, किंचित वाकडी, मुलांच्या पाटीवर शोभणारी.

गंमत अशी, की ज्या कुत्र्यासाठी ती काढली त्याला ती लाभलीच नाहीत. आधीच आखलेल्या चौकटींत ती मावेनात. पुढे ‘विंडोज ९५’च्या जोडीने मात्र ती घरोघर पोचली आणि निमंत्रणपत्रिकेपासून कचेरीतील सूचनेपर्यंत सर्वत्र दिसू लागली. जाणकार संतापले, या टाइपावर बंदी घाला, अशी चळवळही निघाली. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ येथे फाबिओला जानोत्ती यांनी हिग्ज बोसॉनसंबंधीचे निष्कर्ष याच अक्षरांत मांडले, तेव्हा त्या थोर शोधाबरोबर टाइपाचीही चर्चा झाली.

वीस वर्षे सरकारी कागद हाताळलेल्या माझ्यासारख्याला हा राग समजतो. एकदा एका कचेरीत शोकसभेची सूचना याच अक्षरांत लागलेली मी पाहिली. मजकूर निर्दोष होता. पण दिवंगत सहकाऱ्याचा मुलगा ती वाचून काही न बोलता बाजूला झाला. शब्द शोक करीत होते आणि अक्षरे हसत होती.

तथापि याची दुसरीही बाजू आहे. वाचताना ज्यांची अक्षरे एकमेकांत गुंततात, अशांसाठी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनने सुचविलेल्या साध्या टाइपांत कॉमिक सॅन्सचाही समावेश आहे. पंडितांनी हिणवलेले अक्षर अडखळणाऱ्या मुलाला हात देते, ही थोडी थोडकी सेवा नव्हे. सूचना लावणाऱ्याने आधी वाचणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा, एवढेच. उणीव असते ती योजकाची, अक्षराची नव्हे.