अण्णांची खिडकी

आमच्या घरात मोटार आली ती बँकेच्या कर्मचारी-कर्जातून, आणि तीसुद्धा एका हाताखालून गेलेली. वीस वर्षं दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासली, पण स्वतःच्या अर्जावर सही करताना पेन घसरलं. तरी घेतली, कारण गाडीत एसी होता! विकणाऱ्या गृहस्थांनी बटण दाबून माझ्या तोंडावर असा काही गारवा सोडला की टायर आणि क्लच यांबद्दलचे प्रश्न माझ्या पोटातच गोठले.

या गारव्याला घरातच विरोधी पक्ष होता. तो म्हणजे आमचे अण्णा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. त्यांची सारी हयात एस.टी.च्या खिडकीशी बसून गेलेली. गाडीत बसले की पहिलं काम काच खाली.

"अण्णा, एसी लावलाय."

"लाव की. मी कुठं नको म्हणतोय?"

आणि काच चार बोटं उघडीच. त्या चार बोटांतून माझं पेट्रोल डोळ्यांदेखत उडून जायचं. हिशोबनीस माणसाला हे बघवत नाही.

गेल्या मे महिन्यात भाच्याची मुंज सोलापूरला होती. पुण्याहून आम्ही पाच जण निघालो. हडपसर सुटलं, अण्णांचा हात काचेच्या बटणाकडे गेला, आणि मी एक हलकटपणा केला. ड्रायव्हरच्या दारावर सगळ्या काचांना कुलूप घालणारं एक बटण असतं. लहान मुलांसाठी केलेली ती सोय मी जन्मदात्यावर वापरली. अण्णांनी बटण दोनदा दाबून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. बोलले काहीच नाहीत.

पाटस गेलं, भिगवण गेलं. मागच्या सीटवर तिघं गाढ झोपलेली. सरळसोट रस्ता, गार गाडी. मला एक जांभई आली, मग दुसरी. तिसरी मोजल्याचं आठवत नाही. एकदम स्टिअरिंगवर एक सुरकुतलेला हात पडला. "अरे, गाडी कुठं चाललीय?" दुभाजक उजव्या आरशाला चाटून जाईल इतका जवळ आला होता. मी गाडी सावरली, बाजूला घेतली आणि चारही काचा खाली केल्या. मेमधली ती भाजकी हवा आत आली, आणि डोकं खाडकन उघडलं. मागची मंडळी जागी झाली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "चहाला थांबलोय." खरी गोष्ट त्यांनी मुंजीतही कुणाला सांगितली नाही.

जमाखर्चात फरक आला की पहिल्या नोंदीपर्यंत मागं जायचं, ही कारकुनाची सवय. परत आल्यावर मी गाडीच्या एसीची खतावणी उघडली.

पहिली नोंद १९०२ सालची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतला ओलावा काढणारं यंत्र योजलं. म्हणजे एसी जन्मला तो कागदाच्या सुखासाठी. माणसाचा नंबर मागाहून लागला!

मोटारीत त्याला पहिल्यांदा कारखान्यातूनच बसवून दिलं पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनं, १९४० च्या मॉडेलमध्ये. किंमत २७४ डॉलर. यंत्र एवढं अगडबंब की निम्मी डिकी त्यानंच खाल्ली. थंड हवा यायची मागच्या सीटच्या पाठीमागून. म्हणजे मालक गारठले तरी ड्रायव्हर आपला घाम पुसतोय. खरी मौज पुढंच आहे. या यंत्राला बंद करायचं बटणच नव्हतं! थंडी वाजली की गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवा. १९४१ नंतर कंपनीनं तो नाद सोडला.

क्रायसलरनं १९५३ मध्ये डॅशबोर्डवर एकच साधा स्विच दिला: मंद, मध्यम, जोरात. पण मला ठेच लागली ती दुसऱ्या तपशिलापाशी. त्या काळच्या इतर गाड्यांत हवा कोंदट होते ही तक्रार होती, म्हणून क्रायसलरनं बाहेरची ताजी हवा इतरांपेक्षा जास्त ओढून घ्यायची व्यवस्था केली होती. म्हणजे अण्णांची चार बोटं काच त्या इंजिनिअरांनी सत्तर वर्षांपूर्वीच नकाशात काढून ठेवली होती!

पुढं १९५४ मध्ये नॅश कंपनीनं हीटर आणि एसी एकत्र करून सगळं बिऱ्हाड डिकीतून पुढं हलवलं. ही कंपनी १९३७ पासून केल्व्हिनेटर या फ्रीजवाल्यांशी जोडलेली. तेव्हा तिला गारव्याचं गणित घरचंच. किंमत ३४५ डॉलर. १९६४ मध्ये कॅडिलॅकनं तापमान आपोआप सांभाळणारी सोय आणली, आणि माणसानं त्या यंत्राकडे लक्ष देणंच सोडलं. माझी गोष्ट इथून सुरू होते.

कारण एसी थंडी तयार करतच नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या नावावर वळती करतो, निव्वळ खातेबदल. अशी बदललेली रक्कम कधीतरी व्याजासकट परत येते. एसीत वापरला जाणारा फ्रिऑन वायू पृथ्वीवरच्या ओझोनच्या छत्रीला भोकं पाडू शकतो, असं मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं. तो आवरण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला. त्याच्या जागी आलेला वायू छत्रीला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढं. म्हणून आता त्याच्याही बदलीची ऑर्डर निघाली आहे.

हे वाचल्यावर मी गाडीची पुस्तिका काढली. इतके दिवस ती विम्याच्या कागदाखाली निजली होती. एसीच्या शेजारी गोल वळलेल्या बाणाचं एक बटण असतं. ते दाबलं की बाहेरची हवा बंद, आतलीच पुन्हा पुन्हा फिरते. गाडी लवकर गार होते हे खरं. पण त्यात पाच माणसांचे श्वास तासन् तास फिरत राहिले की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोकं जड होतं. आमच्या गाडीत ते बटण हडपसरपासून दाबलेलं होतं. खेळतं भांडवल फिरवावं, पण नवी ठेव आलीच नाही तर शाखा झोपणारच. आमची शाखा तर मॅनेजरसकट झोपली होती.

तेव्हा आमच्या घरचा नवा नियम असा. उन्हात तापलेल्या गाडीत बसताच एसी लावायचा नाही. आधी काचा उघडून दोन मिनिटं गाडी चालवायची. आतली कोंडलेली आच ही थकबाकी, ती वसूल झाल्याशिवाय नवं कर्ज मिळत नाही. मग काचा बंद, एसी सुरू, गोल बाण चालू. गाडी गार झाली की बाण बंद, बाहेरची हवा आत. पावसाळ्यात घाटामध्ये काचेवर वाफ धरली, तरीही एसी लावायचा आणि हवा बाहेरची घ्यायची. ओलावा काढणं हा त्याचा ब्रुकलिनपासूनचा पिढीजात धंदा. आणि बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कधीच नाही. एक्झॉस्टचा विषारी वायू आत आला तर उठवायला अण्णांचा हातही पुरणार नाही.

परवा पुन्हा सोलापूरला निघालो. अण्णा पुढं बसले, काच खाली केली. मी गप्प. कुलपाच्या बटणाकडे बघायची मला अजून लाज वाटते. दोन मिनिटं गरम वारा खाऊन झाल्यावर अण्णांनी घड्याळ पाहिलं.

"झाली का रे तुझी वसुली?"

"झाली, अण्णा."

"मग लाव तुझा एसी," म्हणाले आणि काच वर केली. पूर्ण नव्हे. दोन बोटं ठेवली.

मी ती दोन बोटं बुडीत खात्यात टाकली आणि गिअर बदलला.