कुडाला माती का धरते?

किल्ले आणि लेणी यांविषयी या मालिकेत पुष्कळ लिहून झाले. आज मुळशी खोऱ्यातील कुडाच्या घराकडे वळू. त्याला शिलालेख नसतो, त्यामुळे इतिहासकारांचे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधल्या की कूड होतो. त्यावर शेणमातीचे लिंपण चढते. आजच्या परिभाषेत हा संमिश्र पदार्थ. दाब माती सोसते, ताण तंतू सोसतात. मात्र तंतू मातीतून निसटला तर तो ताण सोसणार कसा? सारी मदार दोघांच्या सीमेवर असते.

वाळल्या गवताच्या काडीवर मेणासारखा पातळ थर असतो, त्यावर ओला चिखल नीट पसरत नाही. म्हणून भुसा घातलेला चिखल तुडवून काही दिवस मुरत ठेवण्याची रीत आहे. त्या मुदतीत काडी मऊ पडते, आवरण सुटू लागते आणि आतील सेल्युलोज उघडे पडते. सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असते. मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवरही तेच गट असतात. पाणी उडून जाताना दोहोंतील अंतर मिटते आणि हायड्रोजन बंध जुळतात. शेणातील तंतू तर रवंथ होऊन, पचून आलेले. मुरवणीचे निम्मे काम गुराने आधीच उरकलेले असते!

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यातही वनस्पतींचे तंतू आहेत. ते भांगेच्या झाडाचे असल्याचे मॅनेजर राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या गिलाव्याला किडीने पोखरले, वेरूळचा टिकला. याचे श्रेय त्यांनी भांगेला दिले. ते मान्य करूनही मला वाटते, डोक्यावरील खडकाच्या छताला आपण फार कमी श्रेय देतो. कारण जे बंध पाणी उडाल्याने जुळतात, ते पाणी शिरल्याने सुटतात. विसाव्या शतकात काचतंतूंच्या प्लास्टिकलाही हीच अडचण आली: ओल काचेच्या पृष्ठावरून आत सरकत असे. तंतूंवर सिलेनचा लेप देऊन ती दूर झाली. त्याचे एक टोक काचेशी जुळते, दुसरे रेझिनशी.

मुळशीच्या मुसळधार पावसात कुडाकडे उपाय होते ते साधे: पुढे काढलेली वळचण, गवताचे आडोसे आणि पावसाळा सरला की नव्याने लिंपण.

धरणापुढे हे उपाय चालणार नव्हते. १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी पुढे तुरुंगवास भोगला, तरी टाटांचे धरण उभे राहिलेच. जलाशय ओसरला की बुडालेल्या गावांतील दगडी बांधकामाचे अवशेष दिसतात. त्यांवरून गावाचे चित्र रेखाटणाऱ्याला देऊळ भेटेल, वाडा भेटेल. कुळांच्या कुडाच्या भिंती मात्र पुन्हा गाळ झाल्या. त्यांच्या जागी फार तर चुलीचे दगड आणि जोत्याची एखादी ओळ सापडेल.