चामखीळ काढण्याचे वैद्यकीय उपचार : स्वरूप आणि दक्षता

त्वचेवर उद्भवणारी चामखीळ हा बहुतांशी निरुपद्रवी विकार आहे. मात्र चुना व धुण्याचा सोडा लावणे, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधणे, पेटत्या उदबत्तीने डागणे किंवा ब्लेडने कापणे यांसारख्या घरगुती उपायांमुळे खोल जखम, जंतुसंसर्ग आणि कायमचे व्रण होऊ शकतात. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घेतल्यानंतरच चामखीळ काढणे हितावह ठरते.

कारण आणि प्रसार

चामखीळ मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजेच एचपीव्हीच्या संसर्गाने होते. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. इटलीतील वैद्यक ज्युसेप्पे चुफो यांनी १९०७ मध्ये चामखिळीचा सूक्ष्म गाळणीतून गाळलेला अर्क स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. त्या जागी चामखीळ उगवली आणि हा विकार जिवाणूहूनही सूक्ष्म घटकामुळे होतो, हे सिद्ध झाले.

त्वचेवरील बारीक भेगांमधून विषाणू आत शिरतो आणि वरच्या थरातील पेशींची वाढ वेगाने घडवून आणतो. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसू लागण्यास काही आठवडे ते अनेक महिने लागतात. नखे कुरतडणे, चामखीळ खाजवणे, एकच वस्तरा अनेकांनी वापरणे या सवयींमुळे तिचा प्रसार होतो. दाढी करताना वस्तऱ्यामुळे चेहऱ्यावर चामखिळींची रांग उमटलेली अनेकदा आढळते.

निदान महत्त्वाचे

बोलीभाषेत ‘चामखीळ’ हा शब्द निरनिराळ्या वाढींसाठी वापरला जातो. मान, काख किंवा पापणीवर लोंबणारी मऊ मांसल गाठही याच नावाने ओळखली जाते. परंतु ती संसर्गजन्य नसते. लठ्ठपणा व मधुमेह असणाऱ्यांमध्ये तिचे प्रमाण अधिक असल्याने डॉक्टर अशा वेळी रक्तशर्करेची तपासणी सुचवू शकतात.

तळपायावरील चामखीळ आणि कुरूप यांतही गल्लत होते. चामखिळीचा वरचा कडक थर खरवडल्यास काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना ‘मुळे’ समजतात, प्रत्यक्षात त्या रक्त गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यास अधिक दुखते, तर कुरूप सरळ वरून दाबल्यास दुखते.

आकार वा रंग बदलणारा तीळ, सहज रक्त येणारी किंवा बरी न होणारी गाठ ही चामखीळ समजून जाळून टाकणे धोक्याचे असते. ती त्वचेच्या कर्करोगाची खूण असू शकते आणि ऊतक नष्ट झाल्यास तपासणीसाठी नमुनाच उरत नाही. शंका असल्यास त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी पाठविला जातो.

उपचारांच्या पद्धती

प्रत्येक चामखीळ काढलीच पाहिजे असे नाही. मुलांमधील बहुसंख्य चामखिळी सुमारे दोन वर्षांत आपोआप नाहीशा होतात. वेदना, वाढता प्रसार किंवा चेहऱ्यावरील विद्रूपता असल्यास उपचार केले जातात.

सॅलिसिलिक आम्लाचा लेप हा सर्वांत सोपा उपाय आहे. चामखीळ कोमट पाण्यात भिजवून, वरचा मृत थर घासून हा लेप अनेक आठवडे नियमित लावावा लागतो. चेहऱ्यावर तो वापरू नये.

शीतोपचारात उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन चामखिळीवर काही सेकंद फवारला जातो. त्या जागी फोड येऊन काही दिवसांत खपली पडते. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने ही प्रक्रिया पुन्हा करावी लागते. सावळ्या त्वचेवर या उपचाराने पांढुरका किंवा काळसर डाग राहू शकतो, याची कल्पना रुग्णाला आधी देणे आवश्यक असते.

विद्युतदहन व रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीत जागा बधिर करणारे इंजेक्शन देऊन चामखीळ जाळली किंवा खरवडली जाते. हट्टी चामखिळींसाठी कार्बन डायऑक्साइड लेझरचाही उपयोग होतो. या प्रक्रियांतून निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात. म्हणून डॉक्टर व सहायकांनी मुखपट्टी वापरणे आणि धूर शोषून घेण्याची व्यवस्था असणे अपेक्षित असते.

अनेक चामखिळी असल्यास प्रतिकारशक्ती जागृत करणारे उपचारही केले जातात. यात गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लस किंवा ड जीवनसत्त्व चामखिळीत टोचले जाते. काही रुग्णांमध्ये एका चामखिळीवर केलेल्या उपचाराने दूरच्या चामखिळीही मावळतात.

रुग्णांनी घ्यावयाची दक्षता

मधुमेह, गर्भावस्था, रक्त पातळ करणारी औषधे, हृदयातील पेसमेकर, बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी किंवा व्रण जाड होण्याची प्रवृत्ती असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. मधुमेही रुग्णांच्या पायाची संवेदना व रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. अशा पायावर स्वतःहून आम्ल लावल्यास जखम चिघळण्याचा गंभीर धोका संभवतो.

उपचारानंतर जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, खपली ओढू नये आणि फोड फोडू नये. वाढती सूज, पू किंवा ताप आल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. कोणतीही पद्धत वापरली तरी आजूबाजूच्या त्वचेत विषाणू शिल्लक राहू शकतो. म्हणून चामखीळ पुन्हा उद्भवणे म्हणजे उपचारात चूक झाली, असा अर्थ होत नाही.

ब्यूटी पार्लरमध्ये चामखीळ जाळून घेणे टाळावे. राज्य वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच हे उपचार घ्यावेत. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न शासकीय रुग्णालयांच्या त्वचारोग विभागातही ही सोय असते.

जननेंद्रियावरील चामखिळी

या चामखिळी प्रामुख्याने लैंगिक संबंधातून पसरतात. संकोचामुळे अनेक रुग्ण उपचार लांबवितात किंवा हातावरील चामखिळीचे औषध त्या नाजूक जागी लावून भाजून घेतात. अशा वेळी दोन्ही जोडीदारांनी तपासणी करून घेणे आवश्यक असते. त्या बहुतांशी एचपीव्हीच्या ६ व ११ या प्रकारांमुळे होतात, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगास मुख्यतः १६ व १८ हे प्रकार कारणीभूत असतात. एचपीव्ही आणि हा कर्करोग यांचा संबंध उलगडल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पुरस्कार देण्यात आला.

या चारही प्रकारांपासून संरक्षण देणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. हातापायांवरील सामान्य चामखिळी मात्र अन्य प्रकारांच्या विषाणूंमुळे होत असल्याने त्यांच्या प्रतिबंधासाठी ही लस दिली जात नाही.