बादगीर व यझ्दची गृहरचना

इराणच्या मध्यवर्ती पठारावरील यझ्द शहरात व त्याच्या परिसरात घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राखण्यासाठी विकसित झालेली पारंपरिक व्यवस्था. वारा पकडणारा मनोरा अथवा बादगीर (फार्सी बाद – वारा, गीर – पकडणारा) हे तिचे सर्वांत ठळक अंग होय. तथापि सबंध घर एकाच तपमानावर ठेवणे हा या व्यवस्थेचा हेतू कधीच नव्हता. ऋतू व प्रहर यांनुसार घरातील माणसांनीच जागा बदलावयाची, हे तिचे मूलतत्त्व होते.

यझ्द समुद्रसपाटीपासून सु. १,२०० मी. उंचीवर असून तेथील वार्षिक पर्जन्यमान जेमतेम ५ ते ६ सेंमी. आहे. उन्हाळ्यात दुपारचे तपमान ४०° से.च्या वर जाते, तर हिवाळ्यातील रात्री ते गोठणबिंदूखाली उतरते. हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने दिवस व रात्र यांच्या तपमानांतही मोठा फरक पडतो. लाकूडफाटा अत्यंत दुर्मिळ असल्यामुळे माती हीच येथील मुख्य बांधकामसामग्री ठरली. कच्च्या विटांच्या जाड भिंती व त्यांवर भुसा मिसळलेल्या चिखलाचा गिलावा, ही पद्धत आपल्याकडील धाब्याच्या घरांशी परिचित असलेल्या वाचकास अनोळखी वाटणार नाही. मात्र तुळयांच्या टंचाईमुळे यझ्दमध्ये छपराच्या जागी बहुधा मातीच्या विटांच्या कमानी व घुमट आढळतात. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते व रात्री ती बाहेर टाकते.

आज उभी असलेली बरीच जुनी घरे काजार राजवटीच्या काळातील (१७८९–१९२५) आहेत. मध्ये हौद व डाळिंबाची झाडे असलेले अंगण आणि त्याभोवती खोल्या, अशी त्यांची रचना असते. अंगणाच्या दक्षिणेकडील, उत्तराभिमुख भागात ऊन फारसे येत नाही; तेथे उघडा उंच दिवाणखाना व त्यामागे बादगीर असून तो भाग उन्हाळ्यात वापरीत. उत्तरेकडील, दक्षिणाभिमुख खोल्या लहान व काचेच्या दारांच्या असत. हिवाळ्याचे तिरपे ऊन त्यांत खोलवर येई. उन्हाळ्यातील भर दुपारी कुटुंब तळघरात उतरे व रात्री गच्चीवर झोपे. गच्चीचे कठडे पुरुषभर उंच असण्याचे कारण पडदापद्धतीत आहे. अंथरुणे, पाणी व भांडी यांची ही रोजची ने-आण घरातील स्त्रिया व नोकर यांच्या वाट्याला येत असे. या गृहरचनेचे कौतुक करताना या श्रमाचा उल्लेख क्वचितच होतो.

बादगिराचा मनोरा आतून विटांच्या उभ्या पडद्यांनी विभागलेला असतो. वाऱ्याकडील बाजूने हवा आत शिरून खाली उतरते व विरुद्ध बाजूच्या कप्प्यांतून घरातील उष्ण हवा वर ओढली जाते. वारा नसतानाही मनोरा काही काम करतो : दिवसा तापलेल्या विटा रात्री आतील हवा तापवून वर पाठवितात. खाली आलेली हवा हौदावरून अथवा ओलसर तळघरातून नेली, की बाष्पीभवनाने ती आणखी थंड होते. १ किग्रॅ. पाण्याची वाफ होताना सु. २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी, तितकी ही युक्ती प्रभावी. विदर्भातील वाळ्याच्या ताट्यांमागील तत्त्व हेच होय. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत यझ्द परिसरातून मुंबईस आलेल्या, पुढे हॉटेलांमुळे प्रसिद्धी पावलेल्या इराण्यांना मात्र तेथील दमट हवेत तिचा उपयोग नव्हता. यझ्दच्या दौलताबाद बागेतील अठराव्या शतकातील अष्टकोनी बादगीर सु. ३३ मी. उंच आहे.

वाऱ्यासाठी घर उघडावे, तर धूळही आत येते. ही या रचनेतील खरी अडचण होती. मनोरा उंच नेल्यास जमिनीलगतची दाट धूळ टळते. खाली रुंद जागेत वेग मंदावल्याने जड कण तळाशी पडतात. यझ्द शहरात चार किंवा आठ बाजूंनी उघडे बादगीर बांधले गेले. परंतु धुळीच्या वाऱ्यांचा जोर अधिक असलेल्या मेबोद व अर्दकान भागांत वाळवंटाकडील बाजू बंद ठेवून एकाच दिशेने उघडे असलेले मनोरे रूढ झाले. तरीही बारीक धूळ, कीटक व पक्षी आत येतच. मेहदी बहादोरी या इराणी अभियंत्याने १९७८ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकात या शीतनपद्धतींचे शास्त्रीय विवरण केले. मात्र १९८५ मध्ये त्याने बादगिराचे दोषही नोंदविले व ओल्या स्तंभांची सुधारित रचना सुचविली. अनेक लोकप्रिय लेखनांत या विवेचनाचा पहिला भागच उद्‌धृत होतो.

तापनाची तऱ्हा अधिक साधी होती. ‘कुर्सी’ म्हणजे ठेंगणी चौरंगवजा चौकट. तिच्याखाली राखेने झाकलेल्या निखाऱ्यांची शेगडी व वर मोठी रजई. सारे कुटुंब रजईत पाय घालून भोवती बसे व तेथेच झोपे. खोली थंडच राही, पण थोड्या कोळशात रात्र निभावत असे. निखारे नीट न फुलता आत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायूने जीव जाण्याचा धोका असे.

हिवाळ्याच्या थंडीचा साठाही करीत. उंच भिंतीच्या सावलीतील उथळ खाचरांत रात्री पाणी सोडून गोठवीत व तो बर्फ ‘यखचाल’ या घुमटाकार बर्फघराच्या खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत राखीत. मेबोद येथील यखचाल आजही पाहावयास मिळते.

या सर्वांचा आधार कनात म्हणजे डोंगरपायथ्यापासून आणलेली भूमिगत पाणवाट हा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल विहिरी व पंप यांमुळे भूजल उतरले व अनेक कनाती कोरड्या पडल्या. त्याच काळात गच्चीवर बसविलेले, ओल्या गवताच्या जाळ्यांतून हवा ओढणारे विजेचे शीतक घरोघर आले. ओल्या जाळीत धूळही बरीचशी अडते, स्वस्तात सबंध घर थंड होते व अंथरुणे हलवावी लागत नाहीत; त्यामुळे लोकांनी बादगिरांची तोंडे बुजविली, यात नवल नाही. पुढे रॉकेलच्या व वायूच्या शेगड्यांनी कुर्सीही मागे टाकली. परंतु हे शीतकही पाण्यावरच चालते, आणि यझ्दला झायंदेरूद नदीचे पाणी शेकडो किमी.वरून नळाने आणावे लागले. यझ्दचे जुने शहर २०१७ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. त्यानंतर काही वाड्यांची अतिथिगृहे झाली असून त्यांच्या गच्चीवर दुरुस्त केलेल्या बादगिराशेजारीच विजेचे शीतक बसविलेले दिसते.